शुक्रवारचे पेशंट

आयुष्यातला पहिला खरा पेशंट माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा मी त्याला अभिनयाचे मार्क दिले. दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कापला, कारण माझ्या हातून कोणालाच पूर्ण मार्क सुटत नसत. हा माणूस नाटक करत नाहीये, खरंच आजारी आहे, हे कळायला मला तीन शुक्रवार लागले. त्या तीन आठवड्यांत त्याचं दुखणं वाढतच होतं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. बारावीनंतर मेडिकलची सीट थोडक्यात हुकली, म्हणून दुबईतच बायोमेडिकल सायन्सची बी.एस्सी. धरली होती. पदवी हातात पडली की इथल्याच एका मेडिकल कॉलेजात जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. कॉलेजला कळवायचं तेवढं बाकी होतं. काळ मंदीचा. बाबांच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ते घरी आले की आई आधी त्यांचा चेहरा बघायची आणि मग पाणी आणायची. मला मात्र भीती अशी वाटत नव्हती. मी डॉक्टर होणारच होते, मग काळजी कसली?

त्या कॉलेजच्या इंटरव्ह्यूत एक खोटा पेशंट बसवतात, असं मला एका सीनियरने सांगितलं होतं. आजाऱ्याचं सोंग घेतलेला माणूस. आठ मिनिटांत त्याला प्रश्न विचारून त्याच्या दुखण्याची सगळी कथा काढून घ्यायची. याला हिस्टरी घेणं म्हणतात, आणि त्यातच बरीच हुशार मुलं गळतात. मी म्हटलं, आपण गळणार नाही. प्रश्नांची यादी पाठ केली, एक जाड वही आणली आणि आईला सांगितलं की मला दर शुक्रवारी, इथल्या साप्ताहिक सुट्टीला, खोटे पेशंट हवेत.

आईने ऊद मेथातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी फिरवली. शुक्रवारी जेवणं उरकली की आमच्या हॉलमध्ये ओपीडी भरायची. सोफ्यावर पेशंट, डायनिंगच्या खुर्चीवर मी. पण आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना सोंग कसलं जमतंय? मी सांगायचे, काकू, तुम्ही पंचवीस वर्षांचा तरुण आहात आणि तुमच्या पोटात दुखतंय. त्या मान डोलवायच्या, आणि दुसऱ्याच मिनिटाला गुडघा पुढे करायच्या. एकीने तर पुण्याहून आणलेले सगळे रिपोर्ट पिशवीतून काढून टीपॉयवर मांडले. क्लिनिकची फी वाचत होती, चहा मिळत होता, वर माझ्यासारखी मुलगी वहीत सगळं उतरवून घेत होती. मी वैतागून आईला म्हटलं, या बायकांना खोटं बोलता येत नाही. आई म्हणाली, ‘‘अगं, दुखणं विचारल्यावर माणूस स्वतःचंच सांगणार ना!’’ ते मी तेव्हा कानामागे टाकलं.

मग वरच्या मजल्यावरचे अंकल आले. मूळ वसईचे, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेटचं काम बघायचे. लग्नं, पार्ट्या, कंपन्यांची जेवणं. बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, एक बेडरूमचा फ्लॅट. नाताळात कुसवार, म्हणजे सणाचा फराळ, घेऊन येणारे, लिफ्टमध्ये भेटले की ‘‘काय डॉक्टरीणबाई, यल्ला, चला लवकर, कधी उघडणार दवाखाना?’’ म्हणून चिडवणारे. हॉटेलं ओस पडली होती आणि त्यांच्याकडचे बरेच लोक एकाच महिन्यात कमी केले होते. ते राहिले होते, पण रजेचं नाव काढायची सोय नव्हती. तरी माझ्यासाठी त्यांनी शुक्रवारची दुपार दिली, याचं मला फार कौतुक वाटलं.

पहिल्या शुक्रवारी ते टॅक्सी ड्रायव्हर झाले. पेशावरचा, पन्नाशीचा. दीड महिना खोकला, आधी कोरडा होता, आता कफ पडतो. हिंदी बोलायचे, मध्येच खोकायचे. खोकला इतका खरा, की मी आईला आतून बोलावून ऐकवला. दुसऱ्या शुक्रवारी ते शिंपी झाले. संध्याकाळी बारीक ताप, पहाटे उशी घामाने भिजलेली. ‘‘एसी फुल चालू असतो, तरीपण,’’ असं त्यांनी वर जोडलं. मी वहीच्या समासात लिहिलं : तपशील उत्तम. साडेनऊची गोष्ट याच दिवसाची.

तिसऱ्या शुक्रवारी ते मजुरांच्या एका कॅम्पवर एकटा राहणारा आचारी झाले. सडाफटिंग, लग्नच केलेलं नाही. वजन कमी होतंय ही तक्रार. मी विचारलं, किती कमी झालं? तर म्हणाले, काटा नाही, पण बेल्टला दोन नवीन भोकं पाडली. आणि शर्ट उचलून बेल्ट दाखवला. मी खूश होऊन हसले. नाटकासाठी माणूस स्वतःचा बेल्ट खराब करतो, म्हणजे केवढी निष्ठा, असं मला वाटलं. आज हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

यादीतला एक प्रश्न मी आधीच्या दोन्ही वेळा विसरले होते. या वेळी लक्षात ठेवून विचारला : ‘‘घरात आणखी कोणाला असा त्रास आहे?’’

‘‘धाकटीला,’’ ते म्हणाले. ‘‘चार दिवस झाले खोकतेय.’’

मी ‘धाकटीला’ असं लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं. कॅम्पवरच्या सडाफटिंग आचाऱ्याला धाकटी कुठून आली? मी मान वर केली. अंकल माझ्याकडे नाही, आमच्या गालिच्याकडे बघत होते. मी वहीची पानं मागे उलटली. ड्रायव्हरचा खोकला, शिंप्याचा ताप आणि घाम, आचाऱ्याचं वजन. एकाच माणसाचं दुखणं त्यांनी तिघांत वाटून मला सांगितलं होतं. आणि मी, सगळं येणारी मुलगी, तिघांना वेगवेगळे मार्क देत बसले होते. लाजेने माझे कान तापले.

आई आत चहाचं आधण ठेवत होती. मी हळूच विचारलं, आंटींना माहीत आहे का? त्यांनी मान हलवली. कोणालाच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्यात नाटक अजिबात नव्हतं. व्हिसाचं रिन्यूअल चार महिन्यांवर आलं होतं. रिन्यूअलला छातीचा एक्स-रे काढतात, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. त्यात टीबी निघाला तर परत पाठवतात, असं सगळे म्हणत. नेमका नियम काय, कोणाला काही वेगळी सवलत मिळते का, हे कोणीच धड सांगू शकत नव्हतं आणि विचारायला जायची छाती नव्हती. क्लिनिकात पाऊल ठेवलं की बातमी वरपर्यंत जाईल, ही त्यांची धास्ती. वसईला जाऊन गुपचूप औषधं घ्यावीत, तर टीबीची औषधं सहा महिन्यांची. आणि सहा महिने देशाबाहेर राहिलं की व्हिसा आपोआप खलास. त्यांच्या व्हिसावर बायको, दोन मुली, मुलींची शाळा, सगळं टांगलेलं.

‘‘बाय, तू एवढं वाचतेस,’’ ते म्हणाले. ‘‘मला एकच सांग. अजून किती दिवस खेचू शकतो मी?’’

एखाद्या मोठ्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं होतं. आणि खरं सांगते, उत्तर द्यायचा मोह झाला. सहा महिने औषध घेतलं की माणूस बरा होतो, हे मला पाठ होतं. न घेता किती टिकतो, हे यादीत नव्हतं.

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हटलं. तोवर हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं. पण पुढचं मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते बोलायला मी क्षणभरही थांबले नाही. ‘‘टीबीच आहे, हेही मी सांगू शकत नाही. पण धाकटीला आज डॉक्टरकडे न्यायचं, आणि तुम्हीही दाखवायचं. संध्याकाळपर्यंत तुम्ही नेलं नाहीत, तर मी वर येऊन आंटींना सांगणार.’’

त्यांचा चेहरा उतरला, आणि मग कडक झाला. ‘‘तुला शिकायला मिळावं म्हणून मी येऊन बसलो, आणि तू मलाच धमकी देतेस?’’

मी म्हटलं, हो, देते. वही मिटली आणि आवाज हलू दिला नाही. ते उठले, चपला घातल्या, आईने आतून चहा घेऊन जा म्हटलं तरी थांबले नाहीत. संध्याकाळी साडेपाचला मी खिडकीतून बघितलं. अंकल, आंटी आणि धाकटी टॅक्सीत बसत होते. बसताना त्यांनी आमच्या खिडकीकडे मान वर केली नाही.

धाकटीचा खोकला साधाच निघाला. अंकलना टीबी होता. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात चौघं उपचारांसाठी वसईला गेले. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलं की मंदीत नोकरी गेली असणार, आणि आंटींनीही तेच गृहीत धरू दिलं. निघायच्या आदल्या दिवशी थोरली मुलगी लिफ्टमध्ये भेटली. मी विचारलं, केव्हा निघताय? ती म्हणाली, ‘‘टुमॉरो. डॅड सेज वी विल कम बॅक,’’ आणि बटणांकडे बघत राहिली. घरी येऊन मोरीत नळ सोडून खूप रडले, मग तोंड धुऊन अभ्यासाला बसले.

शुक्रवारची ओपीडी मी चालूच ठेवली. बंद करून कोणाचं भलं होणार होतं? फक्त मार्क देणं सोडलं, आणि काकूंना तरुण मुलगा बनवायचंही सोडलं. गुडघा तर गुडघा. कोणत्या काकूंना कुठल्या पायरीवर कळ येते, हे मी पुढच्या सहा महिन्यांत शिकले. इंटरव्ह्यूत मला डोकेदुखीचा खोटा पेशंट मिळाला. त्याने मला विचारलं, हा ट्यूमर असेल का? मी सांगितलं, मला माहीत नाही, पण कोणती तपासणी करायची आणि कधी, ते सांगते. बाजूला बसलेले प्रोफेसर काहीतरी लिहीत होते. प्रवेशाची यादी महिनाभराने लागली आणि माझं नाव त्यात होतं. मला नवल वाटलं नाही.

त्याच सुमारास वसईहून अंकलचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर त्यांनी मला फोन द्यायला सांगितलं. औषधांचा कोर्स संपला होता, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला होता. व्हिसा त्याआधीच गेला होता. आता ते भावाबरोबर केटरिंगच्या ऑर्डरी घेत होते, मुलींना तिथल्या शाळेत घातलं होतं, थोरलीला मराठीचा पेपर जड जात होता. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. मी ॲडमिशनच्या अभिनंदनाची वाट बघत होते, असं म्हटलं तरी चालेल.

‘‘बरा झालो, बाय,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुझ्यावरचा राग काही गेला नाही. डोक्याला कळतं, तू बरोबर होतीस. पण सकाळी उठलो की अजून दुबई आठवते आणि तुझा राग येतो.’’

मला ते लागलं. तरी माफी मागावी असं मनात आलं नाही. पुन्हा ती वेळ आली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं.

‘‘असू दे, अंकल,’’ मी म्हटलं. ‘‘राहू दे राग.’’

मग ते हॉटेलच्या जुन्या माणसांबद्दल बोलत राहिले, कोण टिकलं, कोण मस्कतला गेलं. मी हो हो करत होते, पण शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कान देऊन ऐकत होते. अकरा मिनिटं ते बोलले, आणि एकदाही खोकले नाहीत.