नरोलीच्या चाळीतला रेडिओ आणि मी दाबलेलं रजिस्टर

ही घटना विसरण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सेवेतली मोठमोठी प्रकरणं विसरलो, अट्टल आरोपींची नावं विसरलो. ही काही मनातून जात नाही. निवृत्त अधिकारी आठवणी लिहितो त्या बहुधा स्वतःच्या हुशारीच्या. या तपासातही मी हुशारीच केली होती. तिचीच मला लाज वाटते. कुणाचं नाव लिहीत नाही. माझं मात्र काही लपवणार नाही.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. नरोलीत कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. पत्र्याचं छप्पर, दहा बाय दहाची खोली, एकेका रांगेत वीस-बावीस बिऱ्हाडं आणि रांगेच्या तोंडाशी एक नळ. माणसं बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडची. घरात अहिराणी, मशीनवर हिंदी, दुकानात गुजराती. त्या वस्तीत संध्याकाळी पाच ते सहा रेडिओवर एक बाई बोलायची. सरकारी केंद्राची नाही, खासगी कंपनीचीही नाही. मोबाईलमधला रेडिओ लावून एका विशिष्ट आकड्यावर आणला की ती ऐकू यायची. चाळींच्या बाहेर अर्धा किलोमीटर गेलं की गायब.

"राम राम मायबहिनीस्वन, राम राम भाऊस्वन!" अशी सुरुवात. मग कुणाची खोली रिकामी होतेय, साक्रीची गाडी किती वाजता सुटते, कोणत्या दवाखान्यात बाई डॉक्टर बसते. मधूनमधून वस्तीतल्याच बायकांची लग्नातली गाणी. आमच्या नरोली चौकीतले हवालदारही ऐकायचे. नवापूरकडच्या एका हवालदारानं तर चाळीत हातोहात फिरणाऱ्या चिठ्ठीतून सासूच्या नावानं गाणं मागितलं होतं. मी म्हटलं, "सासूवर एवढं प्रेम?" तो म्हणाला, "साहेब, सासू काल गावाला गेली. त्या आनंदात."

म्हणजे आम्हाला माहीत होतं. सात-आठ महिने माहीत होतं, आणि कुणाला त्यात गुन्हा दिसला नव्हता.

मग एका धाग्याच्या कारखान्यात एका कामगाराची तीन बोटं मशीनमध्ये गेली. त्याला सरकारी दवाखान्यात न नेता परस्पर एका खासगी दवाखान्यात नेलं, म्हणजे नोंद नको. दुसऱ्या दिवशी ती बाई रेडिओवर म्हणाली, "ज्या भाऊची बोटं गेली त्याचं नाव मी सांगत नाही, त्याला तिथंच काम करायचंय. मी मशीनचा नंबर सांगते. त्या मशीनवर ज्याची पाळी असेल त्यानं आधी मशीनला जाळी मागायची, मग हात घालायचा." आणि तिनं नंबर सांगितला. दोनदा.

तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लेखी तक्रार आली. ती कारखान्याच्या सुरक्षा विभागाची होती. बोटांचा त्यात उल्लेखही नव्हता. बेकायदा रेडिओ केंद्रामुळे पोलिसांच्या वायरलेस यंत्रणेत अडथळा येत आहे आणि सार्वजनिक सुरक्षेला धोका आहे, असं लिहिलं होतं. आमच्या वायरलेसवर त्या काळात खरखर होत होती, हे खरं होतं. ती बाहेरच्यांना कशी कळली, हा पहिला प्रश्न मी विचारायला हवा होता. विचारला नाही.

तक्रार घेऊन आलेला मॅनेजर नाशिकचा होता. गोड बोलणारा. "साहेब, आज ही मशीनबद्दल बोलते, उद्या काय बोलेल काय सांगावं? हवेवर कुणाचा कंट्रोल आहे की नाही?"

"सरकारचा आहे," मी म्हणालो.

"मग तो दिसू द्या ना."

वरिष्ठांचा फोन त्याच्या आधीच येऊन गेला होता.

मी साध्या वेशात चाळीत फिरलो. ज्याला विचारावं तो खांदे उडवायचा. एका म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, ही कोण बोलते?" तो म्हणाला, "काय माहीत भाऊ. हवेतून येतं, हवेत जातं. तुम्हीच पकडा आता हवेला." आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाच रांगा, शंभरावर खोल्या. सगळ्यांची झडती घ्यायला ना माणसं होती, ना आधार.

चार दिवस मी खिशात रेडिओ ठेवून ऐकत बसलो. चौथ्या दिवशी बोलता बोलता ती मध्येच ओरडली, "थांबा मायबहिनीस्वन, पानी उनं!" आणि पुढे सहा-सात मिनिटं नुसती शांतता. मग धापा टाकत परत आली आणि "हां, कुठं होतो आपण?" म्हणून पुढे सुरू.

पाणी आलं म्हणून रेडिओ केंद्र सोडून हंडा घेऊन पळणारी निवेदिका! मला तेव्हा हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी युक्ती सुचली. प्रत्येक रांगेच्या नळाची चावी वेगळी होती आणि पाणी सोडणारा चावीवाला एकच. त्याला चौकीत बोलावलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजल्यापासून एकेका रांगेचं पाणी त्यानं वेळ नसताना पाच-पाच मिनिटं सोडायचं आणि बंद करायचं, असं ठरवलं.

"साहेब, उन्हाळा आहे. लोक मला मारतील," तो म्हणाला.

"माझं नाव सांग," मी म्हणालो. ऐट पाहा.

पहिल्या रांगेला पाणी सोडलं. बाई बोलतच होती. दुसरीला सोडलं, बोलतच होती. तिसऱ्या रांगेची चावी फिरली आणि रेडिओवर आवाज आला, "थांबा, आज अवेळीच उनं बरं!"

आम्ही तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी उभेच होतो. सगळ्या दारांतून बायका धावत आल्या. सातव्या खोलीतली एक बाई दोन्ही हातांत हंडे आणि कानाला हेडफोन तसाच लटकत ठेवून आली.

खोलीत स्टीलच्या पिठाच्या डब्यात तो ट्रान्समीटर बसवलेला होता. कपडे वाळत घालायची तार हाच त्याचा एरियल. सगळा संच दोन वह्यांएवढा. पंचांसमोर पंचनामा सुरू झाला. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, म्हणून मी घाई करत होतो. ती शांतपणे बघत होती. मग तिनं विचारलं, "पाणी तुम्ही सोडलं होतं?"

मी पंचांना सही कुठं करायची ते दाखवत राहिलो.

"तरीच. पाच मिनिटांत बंद झालं. माझ्या मागं अकरा जणी उभ्या होत्या, साहेब. मला धरायचं होतं तर त्यांना कशाला पळवलं?"

ठाण्यात महिला हवालदाराच्या उपस्थितीत चौकशी केली. बाई तिशीची, शिरपूरकडची, धाग्याचे कोन बांधायच्या खात्यात काम करणारी. नवरा टेम्पो चालवायचा. पैसा कुणाचा, पाठीमागे कुठली संघटना, कुणाची फूस, सगळं विचारलं. पाठीमागे कुणी नव्हतं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती सुट्टीच्या दिवशी बसून शिकली होती.

"परवाना?"

"नाही."

"का नाही काढला?"

"गेले होते विचारायला. म्हणे संस्था पाहिजे, तीसुद्धा जुनी. नोंदणी पाहिजे, हिशोब तपासलेले पाहिजेत. मी म्हटलं, मी एकटीच आहे, शेजारणीशी बोलायचंय. शेजारणीशी बोलायला संस्था लागते का साहेब?"

मी दरडावलं, "कायदा कायदा असतो."

"असू द्या. परवाना नव्हता, लिहा. मी सही करते. पण पोलिसांचं काम मी बिघडवलं, असं लिहू नका. ते मी केलं नाही."

मी ते लिहिलं. विनापरवाना संच बाळगण्याबरोबर पोलीस यंत्रणेत अडथळा आणल्याचं कलमही लावलं. पहिल्या कलमावर ती संध्याकाळीच सुटली असती. दुसऱ्यामुळे तीन दिवस कोठडीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोल रूमचा हेड कॉन्स्टेबल माझ्या खोलीत आला. वलसाडकडचा, वायरलेसवर आयुष्य घालवलेला माणूस. हातात वायरलेसचं रजिस्टर.

"साहेब, आ जुओ. खरखरीच्या नोंदी बघा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. रोज. ती बाई बोलते पाच ते सहा. त्या तासात एकसुद्धा नोंद नाही."

मी पानं उलटली. खरंच नव्हती.

"आणि कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तर काहीच नाही. ती बाई सुट्टीच्या दिवशी दीड तास बोलते. शिवाय साहेब, तिचा लहरींचा पट्टा वेगळा, आपला वेगळा. ती घरच्या रेडिओत येणार, आपल्या सेटमध्ये कशाला येईल?"

सात, तीन आणि अकरा म्हणजे पाळी बदलायच्या वेळा. मी जीप काढून त्या धाग्याच्या कारखान्याच्या गेटवर दुपारी तीनला जाऊन उभा राहिलो. आत जाणाऱ्या-येणाऱ्यांची झडती घेणाऱ्या सगळ्या रखवालदारांच्या हातांत वॉकीटॉकी होते. माझ्या जीपमधला सेट लगेच खरखरायला लागला. आमची खरखर कारखान्याला कशी कळली होती, तेही उमगलं. मॅनेजरला परवाना विचारला. तो म्हणाला, "अर्ज केलेला आहे साहेब, प्रोसेसमध्ये आहे. चहा घ्या ना."

मी चहा घेतला.

तिच्याकडे परवाना नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. तिच्यामुळे आमच्या कामाला धक्का लागला नव्हता, त्यांच्यामुळे लागत होता. एवढं समजायला पोलीस असावं लागत नाही. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "आरोपी मिळालाय, मुद्देमाल मिळालाय. आता तुम्हाला आणखी काय पाहिजे? दीवला बदलीची एक जागा रिकामी आहे, जायचंय का?"

मी दोन गोष्टी केल्या. हेड कॉन्स्टेबलला सांगितलं, "ते रजिस्टर तुमच्याकडेच राहू द्या, केस पेपरला लावायची गरज नाही." तो सलाम न करता बाहेर गेला. आणि मॅनेजरला सांगितलं, "ते सेट काही महिने बंद करून आत ठेवा. उगाच चर्चा नको."

सेट आत गेले, खरखर थांबली. आणि दोषारोपपत्रात मी माझ्या हातानं वाक्य लिहिलं: आरोपीचा संच जप्त केल्यानंतर पोलीस वायरलेसमधील अडथळा पूर्णपणे बंद झाला.

शब्दन् शब्द खरा. याहून मोठं खोटं मी उभ्या नोकरीत लिहिलं नाही.

बाईची नोकरी गेली. पोलिसांच्या कामात अडथळा आणणारी म्हणून नव्या ठिकाणी पडताळणीत नाव अडकायचं. खोलीमालकानं खोली सोडायला लावली. ती सिल्वासातच डोकमर्डीला राहायला गेली, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायला लागली, असं कानावर यायचं. खटला रेंगाळत राहिला. मला बढती मिळाली, सत्कार झाले, मी निवृत्त झालो. दरम्यान कुठंतरी वाचलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकार तिचं राखणदार आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं कधीच सांगून ठेवलंय. मी वर्तमानपत्र आपटलं. कसले राखणदार? ज्याच्याकडे गेट आहे, रखवालदार आहेत, त्याला आम्ही विचारत नाही. जिच्याकडे पिठाचा डबा आहे, तिच्यावर कलमं लावतो. मालकाच्याच घरातून मालकाला हाकलणारा राखणदार मी होतो.

मग साक्षीचं समन्स आलं.

सरकारी वकील तरुण होते. त्यांनी तयारीसाठी बोलावलं तेव्हा म्हणाले, "काका, दोन मिनिटांचं काम आहे. पंचनामा ओळखायचा, सही ओळखायची." मी हो म्हटलं. पिंजऱ्यात उभा राहिलो. ती समोर होती, केस पिकायला लागलेले.

"जप्तीनंतर वायरलेसमधला अडथळा बंद झाला, हे खरं आहे?"

"खरं आहे. कारण अडथळा आणणारे कारखान्याचे विनापरवाना सेट मी स्वतः त्यांना आत ठेवायला सांगितले होते. तिच्या संचाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ते मला दोषारोपपत्र दाखल करण्यापूर्वीच माहीत होतं. वायरलेसचं रजिस्टर मी मुद्दाम जोडलं नाही."

कोर्टात टंकलेखन थांबलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदांकडे, आणि मला फितूर साक्षीदार घोषित करण्याची परवानगी मागितली. सगळ्या सेवेत मी फितूर साक्षीदारांना शिव्या घातल्या. त्या दिवशी तो शिक्का माझ्यावर बसला, आणि कुठल्याही पदकापेक्षा तो मला बरा वाटला.

रजिस्टर मागवलं गेलं. मुदत संपल्यानं ते नष्ट झालं होतं. उरला माझा शब्द. न्यायालयानं तो मानला. अडथळ्याच्या आरोपातून ती सुटली. परवाना नसल्याचं तिनं पहिल्या दिवसापासून कबूल केलंच होतं. त्यासाठी दंड झाला आणि संच सरकारजमा झाला. कारखान्याच्या सेटबद्दल मी आता लेखी तक्रार दिली आहे. पोच मिळाली आहे, पुढे काही नाही.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली होती. मला वाटलं, आभार मानेल. अजून मला तशी सवय आहे.

"साहेब, आता तुमच्यावर काय होईल?"

"फारसं काही नाही. एखादी नोटीस येईल. खुलासा देईन."

"पेन्शन?"

"ती चालू राहील."

ती म्हणाली, "मग तेव्हा एवढं कशाला घाबरला होता?"

आणि पिशवी उचलून निघून गेली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते तिच्या त्या प्रश्नात सगळं आलं. पोलिसाला खोटं लिहावं लागत नाही. खरं लिहिलेलं एक रजिस्टर कपाटात राहू दिलं की पुरतं. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगेन की वरून फोन आला, तर तो कशाची भीती घालतोय हे नीट बघा. मला फार तर दीवला पाठवलं असतं. दीवमध्ये माणसं राहत नाहीत का?