किशोरची विकतची माळ

पंचवटीच्या बाजारात भागुबाईच्या मेथीला कधी गिऱ्हाईक कमी पडलं नाही आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती झाली नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली ती लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून खोटं बोलणं बंद, उष्टं खाणं बंद. अशा बाईच्या पोटी किशोरसारखं रत्न निपजावं!

किशोर लष्कराचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. आतल्या, बंदोबस्ताच्या विभागात कायम नोकरी चालून आली होती; फक्त पोलिसांची चौकशी बाकी होती. आणि गेल्या वर्षी दिंडोरी रोडवर दारू पिऊन गाडी चालवताना हा पठ्ठ्या सापडलेला. दंड भरला की विषय संपला, अशी त्याची समजूत. पण पोलिसांकडे नोंद होतीच.

मग त्याने अक्कल पाजळली. रामकुंडाजवळच्या दुकानातून माळ आणली आणि आपल्याच हाताने गळ्यात घातली. ना महाराजांकडून घेतली, ना देवाच्या पाया पडला. प्यायला बसताना तो ती काढून गाडीच्या डिकीत टाकायचा, क्वार्टरच्या बाटलीशेजारी. भागुबाईने ते डोळ्यांनी पाहिलं. दारूचा वास तिला सवयीचा होता. त्या माळेचीच तिला किळस वाटली.

चौकशीला आलेले हवालदार तसे भले होते. शेजाऱ्यांनी "पोरगा एकदम निर्व्यसनी" असं बेशरमपणे सांगून टाकलं होतं. किशोर माळ चाचपत म्हणाला, "साहेब, त्या केसनंतर थेंब नाही घेतला."

हवालदार भागुबाईकडे वळले. "मावशी, एक चूक कुणाचीही होते. दारू सुटली असेल तर मी तसं लिहितो. सुटली ना?"

सून शुभांगीने पदराआडून हात जोडले. एका शब्दावर घर उभं राहणार होतं.

"काल सांजच्याला लय पिऊन, गाडी चालवत आला," ती म्हणाली. "माझ्या नातीला पुढं बसवली व्हती. दारात वकला. म्या धुतलं."

हवालदारांनी लिहून घेतलं आणि चहा न घेताच निघून गेले.

"आई, सख्ख्या पोराचं वाटोळं केलंस!" किशोर ओरडला. "लाज नाही वाटत?"

"वाटती ना," भागुबाई म्हणाली. "आजपतूर तुझी घाण गुपचूप धूत बसले, त्याची वाटती."