मांझिकर्टची पिछाडी

आमच्या शेजारच्या गुरुदासकाकांना कुणी विचारलं, "काय करतास हल्ली?" तर ते गंभीर चेहऱ्याने सांगतात, "लढाई." मग जानकीकाकू आतून ओरडते, "आणि भांडी कोण घासता, तां पण सांगा!"

काका जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. इस्तंबूलला जहाज दुरुस्तीसाठी अडकलं तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी एक खेळ आणला. लोक परदेशातून येताना अत्तर आणतात, सोनं आणतात; यांनी लढाई आणली. मांझिकर्टची, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची, बायझंटाईन सम्राट रोमानोस आणि तुर्क यांच्यातली. खोक्यातले पुठ्ठ्याचे सैनिक आमच्या पावसाळ्यात बुरशी येऊन मेले. नकाशा आणि फासा तेवढा वाचला. मग काकांनी गावातच भरती केली. रोमानोसचं पायदळ काजूच्या बियांचं, तुर्क घोडेस्वार म्हणजे चिंचोके, पिछाडीला शिंपले आणि खुद्द सम्राट म्हणजे पूजेतली सुपारी.

तुर्क कायम बाबलीकडे. बाबली हा खालच्या वाडीतला काजूवाला, काकांचा शाळेपासूनचा सोबती. दर रविवारी जेवण झालं की तो चिंचोक्यांचा डबा काखेत मारून यायचा आणि पडवीतल्या टेबलावर युद्ध पेटायचं. त्याआधी काका गाऱ्हाणं घालायचे, अगदी देवळात देवाला साकडं घालतात तसं. हसू नका. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय बोअरवेलसुद्धा मारत नाहीत.

या लढाईत एक मेख आहे. संध्याकाळी सम्राट माघारीचा हुकूम देतो, तुर्क उलटून येतात, आणि ज्याने पाठ राखायची तो दुकास नावाचा सरदार 'राजा पडला' अशी आवई उठवून पिछाडीसकट सरळ घरी जातो. राजा शत्रूच्या हाती सापडतो. खेळात हे फाशावर ठेवलंय. सहा पडले तरच पिछाडी थांबते. काकांना ऐन वेळी सहा कधी पडले नाहीत. "मेल्या दुकासा!" म्हणून ते शिंपल्यांना शिव्या घालायचे, ते पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

आणि हेच काका गेल्या ग्रामसभेत दुकास झाले. ठरलं होतं असं, की ओहोळ ओलांडायच्या मोडक्या साकवाबद्दल बाबली बोलणार आणि काका लगेच उठून त्याला दुजोरा देणार. बाबली उठला, बोलता बोलता अडखळला, लोक हसले. "गुरू, तू सांग रे," म्हणत त्याने मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की काकांची दातखीळ बसते. ते चपला हातात घेऊन निसटले होते. मला त्यांचा इतका संताप आला की पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याकडे ताकाला गेले नाही.

बाबलीने बोलणंच टाकलं. रविवार सुने जाऊ लागले. काका एकटेच सुपारी पुसत बसायचे. माफी मागायला म्हणून निघायचे आणि साकवापर्यंत जाऊन परत यायचे.

मग एका रविवारी बाबली आला, पण पायरीवरच थांबला. मी तेव्हा पडवीत काकूबरोबर फणसाच्या आठळ्या सोलत होते. बाबलीने डबा पुढे केला.

"वयनी, हो डबो ठेवन घेवा. माका आता नको." काकांकडे त्याने बघितलंही नाही आणि जायला वळला.

काका धडपडत उठले. मग एकदम त्यांनी सुपारी नकाशावर ठेवली, हात जोडले आणि देवळातला आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! तुज्या ह्या लेकरान भर सभेत आपल्या सोबत्याक पाठ दाखयल्यान. तेची लाज तेका रात-दिस खाता हा. काय चूक झाली असात ती पदरात घे, आनि तुटलेली सोबत सांदून दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं की काय म्हणायचं हे आमच्या रक्तात आहे. बाबली पाठ करून उभा होता, तरी त्याच्या तोंडून खणखणीत गेलंच.

"होय म्हाराजा!"

काय बोललो ते त्याला मागाहून कळलं. "फसयलंस मेल्या," तो पुटपुटला. काकू तोंडाला पदर लावून हसत सुटली. देवासमोर दिलेला होकार मागे कसा घेणार? बाबली वर आला आणि टेबलाशी बसला.

"आज फासो नको," काका म्हणाले. "पिछाडी तू घे. वाटला तर ऱ्हव, नाय वाटला तर जा."

"आणि तुर्क?"

"तुर्क मी घेतंय," म्हणत काकूने डबा उघडला. इतक्या वर्षांच्या भांड्यांचा हिशेब तिने त्या दुपारी चुकता केला. चिंचोक्यांनी काजूंना असं झोडपलं की काकांना घाम फुटला.

माघारीची वेळ आली. काका नकाशाकडे बघेनात, बाबलीकडेही बघेनात. बाबलीने एक शिंपला उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेला. आता हा जातो, कायमचाच जातो, असं मला वाटलं. पण त्याने शिंपला परत आणला आणि सुपारीच्या पाठीशी ठेवला. मग एकेक करून बाकीचेही आणले.

"पाठ दाखवन पळाचा माका जमना नाय," तो म्हणाला. "तां तुजा काम."

काकांचे डोळे भरून आले. "फुडल्या सभेत पयलो मी उठतलंय," ते म्हणाले. जमेल की नाही देव जाणे, पण ते तसं म्हणाले याचाच मला फार आनंद झाला. त्या दिवशी सुपारी पहिल्यांदा सुखरूप घरी आली. काकूने मात्र हार मानली नाही.

निघताना बाबलीने सगळे चिंचोके गोळा केले, डब्याचं झाकण लावलं आणि डबा काखेत मारला.

"परत देवक आणलेलंस मां?" काकूने विचारलं.

"देवन गेलंय तर," पायरी उतरता उतरता तो म्हणाला, "मगे आयतवारी ह्याका लढाक तुर्क खंयसून मिळतले?"