आईच्या वाट्याची वाडी

म्हसळ्याच्या पुढे एका गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. सहावीला 'माय' आणि 'माइन' शिकवायची वेळ आली की माझ्या अंगात येतं. 'माय' म्हटलं की पुढे वस्तू हवी, माय बॅग, माय बुक. 'माइन' म्हटलं की पुढे काही नको, बोलणं तिथेच संपलं. पोरं हटकून 'माइन बॅग' म्हणतात, कारण आपल्याकडे दोन्हीला एकच 'माझं'. मग मी बाकांवरच्या वस्तू उचलून टेबलावर ढीग करते, एकेक वर धरते आणि विचारते, ही कुणाची? 'इट्स माइन' नीट म्हटल्याशिवाय डबासुद्धा परत देत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी कंपासपेटीसाठी 'माइन' म्हणेचना. "आमची हाय, बाई," एवढंच.

"आमची म्हणजे कुणाकुणाची?"

"दादाची व्हती, आता माझ्याकडं हाय, फुडल्या वर्षी धाकटीला द्यायचीय."

"ते घरी. इथे माइन म्हण, नाहीतर पेटी मिळणार नाही."

ती इतकं हळू बोलली की वर्ग हसला. मी तिला तीनदा म्हणायला लावलं, मोठ्याने. मी आहेच तशी. तोंडातल्या तोंडात बोललेलं मला चालत नाही.

त्याच आठवड्यात दिवेआगरहून धाकट्या भावाचा फोन आला. बाबा गेल्यावर घरावर आणि नारळ-सुपारीच्या वाडीवर तिघांची नावं लागली होती, आईचं, त्याचं आणि माझं. त्याला वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. कागद एकाच नावावर असले की परवानग्यांना सोपं जातं. "ताई, हक्कसोड करून देशील ना?" त्याने विचारलं. आमच्याकडे बहिणी देतातच. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, माहेरचं दार उघडं राहतं. सही न करणाऱ्या बहिणीचं काय होतं तेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शिवाय वादळात वाडी आडवी झाली तेव्हा रोपं लावून, पाणी घालून त्यानेच ती उभी केली. मी म्हटलं, "अरे, विचारतोस काय, येते की."

"आणि आईचंही त्याच दिवशी उरकून टाकू," तो म्हणाला. "तिला परत हेलपाटा नको."

हे मात्र मला खटकलं. माझं ठीक आहे, मला घर आहे, पगार आहे. आईला त्या वाडीशिवाय काय आहे? भाऊ वाईट नाही, उलट फार चांगला आहे. पण चांगल्या मुलाच्या घरात राहणं वेगळं आणि आपल्या घरात राहणं वेगळं. तिने तिचा हिस्सा सोडू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि हे बोलणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी गेले. आई पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. मी शेजारी बसून आडून-आडून सुरुवात केली, मग सरळच सांगितलं, "आई, माझं मी सोडते. तू तुझं सोडू नकोस."

"माझं काय हाय त्यात?" ती खरंच चकित झाली. "वाडी तुझ्या बाबांची. घर आता पोराचं. आतलं समदं सुनबाई बघते."

"अगं, कायद्याने तिसरा हिस्सा तुझा आहे. चाळीस वर्षं कोण राबलं इथे?"

"राबायचं तं काय, सगळीच राबतात." तिने हातातली सुपारी टोपलीत टाकली. "तू मास्तरीण हायस. तुला समजतं. तू सांगशील तसं करीन बघ."

म्हणजे चेंडू माझ्याकडे आला. आता फक्त भावाला सांगायचं होतं. तेवढ्यात भावजय चहा घेऊन आली आणि हसून म्हणाली, "ताई, तुम्ही लगेच हो म्हणालात, ह्यांचा जीव भांड्यात पडला." भाऊही येऊन बसला, खोल्या कुठे बांधायच्या ते हाताने दाखवू लागला. आईचा हिस्सा राहू दे म्हटलं, तर उद्या तो कुणाकडे जाणार? निम्मा माझ्याकडे. म्हणजे स्वतःचं सोडल्याचं नाटक आणि डोळा आईच्या वाट्यावर, असंच वाटणार ना त्यांना? ते तसं बोलले नसते, पण मनात आलंच असतं. मी चहा प्यायले, बिस्किट खाल्लं आणि चारच्या गाडीने परत आले. स्वतःचा असा राग आला होता की वाटेत शेजारच्या बाईशी धड बोललेही नाही.

तरी मनाची समजूत घातली की श्रीवर्धनला नोंदणी कचेरीत बोलू. तिथे साहेब विचारतातच. विचारलंही त्यांनी. माझी सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला, आणि मग आई पुढे बसली. ती नवं लुगडं नेसली होती. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, तुमचा हिस्सा तुम्ही मुलाला देताय. नंतर तुमच्या नावावर काही राहणार नाही. कळलंय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

आईने भावाकडे पाहिलं नाही. ती मागे वळली आणि माझ्याकडे पाहिलं. मग अभिमानाने साहेबांना म्हणाली, "ही माझी लेक. विंग्रजी शिकवते. तिनं वाचलंय समदं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भावाने पाहिलं. आणि मी मान डोलावली.

एवढंच केलं मी. आईने अंगठा टेकवला. बाहेर आल्यावर भावाने मला साडी दिली, चांगली भारी, आणि भावजयीसकट आम्ही चौघं सुरमईचं ताट जेवलो. सगळे खुशीत होते. आईने तिच्या ताटातली तुकडी माझ्या ताटात टाकली.

पुढच्या आठवड्यात वर्गात टेबलावर वस्तूंचा ढीग केला आणि ती कंपासपेटीवाली मुलगी स्वतःहून उभी राहून 'इट्स माइन' म्हणाली, खणखणीत. मला तिच्याकडे बघवेना. शाबास म्हणायलाही विसरले.

खोल्या झाल्या, पाहुणे येतात. आईला कुणी दुखवत नाही, हे मी शपथेवर सांगेन. औषध वेळेवर, जेवण वेळेवर. गेल्या महिन्यात गेले होते. निघताना सहज म्हटलं, "आई, दोन नारळ दे गं चटणीला." ढीग तिच्या पायाशीच होता. ती वाकली, एक उचलला, हातात जरा फिरवला आणि परत ढिगावर ठेवला.

"थांब हां," म्हणाली, "सुनबाईला विचारून येते."

आतून भावजयीचा आवाज आला, "अहो आई, विचारताय काय, द्या की!"

आई हसत बाहेर आली. "दे म्हणाली," तिने मला सांगितलं, आणि चांगले पाहून दोन नारळ माझ्या पिशवीत घातले.