कॅनच्या कड्या

आमच्या ओहायोतल्या गावात लोक पार्कात कुत्री फिरवतात, व्हर्न प्रुइट जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र फिरवायचा. कानाला हेडफोन, कमरेला खुरपं. चांदीचं जुनं नाणं, सैनिकाचं बटण, काही सापडलं की शेजारीण म्हणून आधी मला दाखवायला आणायचा. कौतुक करता करता माझी कॉफी गार व्हायची.

खरं तर यंत्र घरात आलं ते त्याच्या बायकोसाठी. बऱ्याच वर्षांपूर्वी याच पार्कात, चर्चच्या सहलीत बटाट्याचं सॅलड वाढताना अर्लीनच्या बोटातली लग्नाची अंगठी गवतात पडली होती. अंगठी राहिली बाजूला, या बाबाला नाण्यांचा नाद लागला. यंदा कॅन्सरने अर्लीन अंथरुणाला खिळली. "मला रिकाम्या बोटाने पुरू नकोस," एवढंच तिचं मागणं.

व्हर्न हट्टाला पेटला. त्यात पालिकेने पार्क उकरून गाड्यांचा तळ करायला घेतला. शेवटी शेजारच्या गावातली ओपल तिचं यंत्र घेऊन मदतीला आली. तिचं पावलोपावली वाजे, व्हर्नचं मुकं.

"तुझं का वाजत नाही रे?" तिने विचारलं.

"कोल्ड्रिंकचे कॅन उघडताना तोडतात ना, त्या कड्यांचा आवाज बंद केलाय. तो कचरा कोण उपसत बसणार?"

ओपलने कपाळाला हात लावला. "अरे देवा! सोन्याची बारीक अंगठी अगदी तश्शीच वाजते. कधीपासून बंद आहे?"

"पहिल्यापासून."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मग तो दिसेल ती कडी उपसू लागला. खिसे भरले, अंगठी नाही. सोमवारी बुलडोझर आले. सगळी माती गावाबाहेरच्या खाणीमागे नेऊन ओतली. त्याच आठवड्यात अर्लीन गेली. शवपेटीत तिचा उजवा हात डाव्यावर ठेवला होता, रिकामं बोट दिसू नये म्हणून.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी व्हर्न त्या ढिगाऱ्यावर. यंत्र एकसारखं केकाटत होतं. अख्ख्या पार्काच्या कड्या तिथे कालवलेल्या. माझा तोल सुटला.

"घरी चल मुकाट्याने! आता सापडली तरी कुणाच्या बोटात घालणार आहेस?"

त्याने एक कान मोकळा केला.

"वाजत होती गं ती. इतकी वर्षं माझ्या पायाखाली वाजत होती. मीच तिला गप्प बसवलं."