भट्टीपुढचा नारळ

आज स्कूटरला झेंडूचा हार घालताना त्या वासानं शिरोलीच्या फौंड्रीतली खंडेनवमी आठवली. आमच्याकडे भट्टीपुढचा नारळ नव्यानं होणाऱ्या फोरमननं फोडायची पद्धत होती. निवृत्त होणारे फोरमन आप्पा मला म्हणाले होते, "पुण्याला कशाला जातोस? माझ्यामागं तूच की!" मी पुण्याची नोकरी नाकारली.

त्या खंडेनवमीला मी हात धुऊन पुढे उभा राहिलो. आप्पांनी नारळ आपल्या जावयाच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "पावणं नवं हायत. शिकव जरा त्यास्नी."

तेव्हा वाटलं, आप्पांचं मन ऐनवेळी फिरलं. आता कळतं, मला थांबवलं होतं ते जावयाला शिकवण्यासाठीच.

मघाशी मुलगी म्हणाली, "बाबा, मी बंगळूरची नोकरी नको म्हणते. इथल्या साहेबांनी बढतीचा शब्द दिलाय."

मी माळ्यावरून तिची बॅग खाली काढली.