पाकिस्तानी सूट शिवून मिळेल

लेडीज टेलरिंगच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी राहते आणि घरातलं सगळं बोलून जाते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं दुकान आहे. कटिंगला शमीमभाभी, मूळच्या इचलकरंजीच्या, दुकान उघडल्यापासून माझ्याबरोबर. गेल्या काही वर्षांतले आमचे निम्मे किस्से मात्र एकाच गोष्टीचे आहेत. पाकिस्तानातल्या सिरीयलींचे.

सुरुवात शाहूवाडीच्या एका कॉलेजच्या मुलीनं केली. कापड घेऊन आली आणि मोबाईलवर तिकडच्या हिरॉईनचा फोटो दाखवला. लांब सरळ कुर्ता, सैल सलवार, काठाला लेस. भाभींनी हुबेहूब तसाच शिवला. ती तो घालून गॅदरिंगला गेली आणि पुढच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी कापड घेऊन दारात. मग मी बोर्डावरच लिहून घेतलं, 'पाकिस्तानी सूट शिवून मिळेल'. कुणाला काही वाटलं नाही. कापडाच्या दुकानांतही हेच नाव चालायचं.

शेजारच्या गल्लीत सुमनआक्का राहतात. मोबाईलवर सिरीयल बघायला शिकल्या आणि त्यांनी दुपारची झोप सोडली. त्या सिरीयलींत सासू सुनेलासुद्धा 'आप' म्हणते. एकदा आक्कांनी आपल्या सुनेला, वैशालीला, विचारलं, "आपण चहा घेणार का?"

कोल्हापुरात!

वैशाली ब्लाउजचं माप द्यायला आली ती रडकुंडीला येऊन. आत्याबाई असं परक्यासारखं का बोलाय लागल्या, वेगळं निघा म्हणणार की काय, या काळजीनं तिला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का "ऊठ की भवाने" म्हणून ओरडल्या तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

पेठ वडगावच्या एका नवरीचा शरारा आम्ही शिवला होता. लग्नाचं आमंत्रण होतं म्हणून भाभी आणि मी दोघी गेलो. नवरीनं स्टेजवर यायला तिकडचंच गाणं निवडलेलं. सगळं वऱ्हाड नाचत होतं. तेवढ्यात नवऱ्याच्या मामाला कुणीतरी सांगितलं, गाणं कुठलं आहे ते. मामांनी डीजे बंद पाडला. नवरी हार हातात घेऊन मधेच उभी. डीजेवाला पोक्त माणूस होता. तो म्हणाला, "पंजाबी हाय ओ पावणं, अमृतसरचं."

"मग आधी सांगायचं की," मामा म्हणाले आणि त्यांनी तेच गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. स्वतःही नाचले. येताना एसटीत भाभी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोन्ही वेळा शराऱ्याच्या फिटिंगचं बोलणं काढलं.

मग सीमेवर तणाव वाढला आणि तिकडचे चॅनेल आपल्याकडं बंद झाले. एके सकाळी काही तरुण दुकानात आले. बोर्ड काढा म्हणाले. मी म्हटलं, कापड इकडचं, दोरा इकडचा, शिवणारी माणसं इकडची. त्यातला एकजण भाभींकडं बघत म्हणाला, "ते आमी बघतोय की."

भाभी खाली मान घालून खडूनं खुणा करत राहिल्या. नंतर त्या कापडावरच्या सगळ्या खुणा त्यांना पुसून पुन्हा कराव्या लागल्या. मी पेंटरला बोलावलं. आता बोर्डावर 'लाँग सूट' आहे. गिऱ्हाईक आत येतं, दाराकडं बघून घेतं आणि हळू आवाजात जुनंच नाव सांगतं.

चॅनेल बंद झाले तेव्हा सुमनआक्कांची सिरीयल शेवटच्या भागांवर आली होती. त्यात नवऱ्यानं बायकोला तलाक देऊन लहान मुलीला स्वतःकडं ठेवून घेतलेलं. कोर्टात केस चाललेली. आक्का दुकानात आल्या, भाभींच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "शमीम, पोरगी आईला मिळाली का गं?"

भाभींनी सांगितलं की ती सिरीयल त्यांनी कधी पाहिलेली नाही, त्यांच्या घरी मराठी मालिका चालतात. आक्कांना ते पटलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. "माझ्यापासनं कशाला लपवतीस? मी कुणाला सांगाय जात न्हाय," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

आक्कांची लेक सासर सोडून माहेरी आलेली आहे. नात बापाकडंच राहिली. हे आम्हा दोघींना माहीत होतं.

भाभींनी मशीन थांबवलं. "मिळाली, आक्का," त्या म्हणाल्या. मग सावकाश सगळं सांगितलं. जज्जसमोर पोरगी बापाचा हात सोडून आईकडं कशी पळत गेली, कोर्टातली माणसं कशी रडली, मायलेकींनी भाड्यानं खोली कशी घेतली. आक्कांनी विचारलं, पोरीच्या अंगात काय होतं? भाभी म्हणाल्या, पिवळा फ्रॉक.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. भाभींच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली आणि पायरी उतरल्या. खाली वैशाली स्कूटर घेऊन थांबली होती. आक्कांचा आवाज मुळातच मोठा.

"मी म्हटलं न्हवतं? त्येंच्या घरात दिसतंय सगळं."